कांदा आणि सरकारचं धोरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला. घरचा कांदा दीड एकर, आणि दिवसभर एका निर्यातदार व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे कांद्याची प्रतवारी करून गोण्या भरतात तिथं, हिशेब लिहितो. म्हणजे एक पाय कांदा साठवायच्या चाळीत, एक खळ्यावर. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की जेवताना हेच प्रश्न निघतात, आणि गावात आलेल्या नव्या बँक अधिकाऱ्यालाही तेच पडतात. दर वेळी तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवलं.

सरकारला कांद्यात पडायची गरजच काय?

कांद्यानं सरकारं पाडली आहेत, म्हणून. १९८० च्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याचा भाव प्रचारात घेतला होता. १९९८ साली दिल्लीत सुषमा स्वराज जेमतेम दोन महिने मुख्यमंत्री राहिल्या, आणि त्या पराभवाच्या कारणांत कांद्याचं नाव आजही पहिलं घेतात. तेव्हापासून दिल्लीत कुठलाही पक्ष बसो, कांद्याचा भाव चढला की तिथली झोप उडते.

महागाई मोजायच्या हिशेबात कांदा किती, तर २०१२ पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात त्याचा वाटा ०.६४ टक्के. शंभर रुपयांत रुपयाही नाही. पण फ्लॉवर महागला तर माणूस कोबी घेतो, कांद्याच्या जागी काय घेणार? शिवाय तो रोज लागतो, म्हणून भाव तोंडपाठ असतो.

भाव दर वर्षी त्याच सुमारास का भडकतो?

हे समजलं की अर्धं धोरण समजलं. वर्षाच्या एकूण पिकात मोठा वाटा रब्बीचा, ज्याला आम्ही उन्हाळ कांदा म्हणतो. तो मार्च ते मे निघतो आणि टिकतो. तोच चाळीत भरून देश ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत खातो. मग खरिपाचा लाल कांदा येतो. तो टिकत नाही, आला की विकावाच लागतो. या दोघांच्या मधला काळ म्हणजे ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर. चाळी खाली होत आलेल्या, नवा माल अजून वावरात, आणि त्यात परतीचा पाऊस नाशिक, नगर किंवा कर्नाटकात जोरात कोसळला की संपलं. गणपती, नवरात्र, दिवाळी याच दिवसांत. बहुतेक वेळा कुठली तरी निवडणूकही.

सरकारच्या हातात असतं काय काय?

पाच गोष्टी: किमान निर्यात मूल्य, निर्यात शुल्क, सरळ बंदी, व्यापाऱ्यांवर साठा मर्यादा, आणि नाफेड व एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून खरेदी करून ठेवलेला राखीव साठा. पहिल्या तिन्हींची अधिसूचना दिल्लीतून निघते आणि बहुधा त्याच क्षणापासून लागू होते. संसदेत चर्चा नाही, मुदत नाही.

आणि एक गंमत बघा. २९ सप्टेंबर २०१९ ची निर्यातबंदी रविवारी आली. १९ ऑगस्ट २०२३ चं ४० टक्के शुल्क शनिवारी. २८ ऑक्टोबर २०२३ चं किमान निर्यात मूल्य पुन्हा शनिवारी. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी माल भरायचा की नाही यावर खळ्यावर खरोखर विचार होतो.

किमान निर्यात मूल्य म्हणजे बंदी नव्हे, मग तक्रार कसली?

हिशेब करून बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते टनाला ८०० डॉलर ठरलं. तेव्हाच्या विनिमय दरानं किलोला ६६ रुपयांच्या आसपास. त्याखाली बिल करता येत नाही. दुबईच्या व्यापाऱ्याला पाकिस्तानचा किंवा इजिप्तचा कांदा त्याहून स्वस्तात मिळत असेल, तर तो आपला कशाला घेईल? कागदावर दार उघडं असतं, फक्त उंबरा छातीएवढा.

४ मे २०२४ ला बंदी उठवली तेव्हाही हेच झालं. किमान मूल्य ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क. म्हणजे शुल्क धरून ७७० डॉलर. टीव्हीवर 'निर्यात खुली' अशी पट्टी फिरत होती आणि आमच्या खळ्यावर फोन वाजत नव्हता.

२०२३-२४ मध्ये नेमकं काय घडलं? तारखांचा गोंधळ होतो.

गोंधळ आमचाही होतो, म्हणून क्रमानं.

ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क. नाशिकच्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. केंद्रानं दोन लाख टन जादा खरेदी २,४१० रुपये क्विंटलनं जाहीर केली, त्यावर लिलाव सुरू झाले आणि सप्टेंबरात पुन्हा बंद पडले. ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरची अट. ८ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण बंदी, आधी ३१ मार्चपर्यंत म्हणून. मुदत संपायच्या आठवडाभर आधी ती 'पुढील आदेशापर्यंत' झाली. लोकांनी ३१ मार्चवर नजर ठेवून उन्हाळ कांद्याचे बेत आखले होते.

एप्रिलअखेर गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टन निर्यातीची परवानगी मिळाली. आकडा किरकोळ, पण तो आमच्याकडे जखमेवर मिठासारखा लागला. लगोलग केंद्रानं सहा देशांना ९९,१५० टनांच्या परवानगीचा आकडा पुढे केला, आणि आठवड्याभरात, मतदान तोंडावर असताना, बंदी उठली. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य रद्द झालं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. तेव्हा महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक जवळ आली होती. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य.

बंदी आली की दुसऱ्या दिवशी बाजार समितीत, लिलावाच्या ओट्यावर काय होतं?

८ डिसेंबरचंच सांगतो. आदल्या रात्रीच मोबाइलवर बातमी फिरली होती, पण ट्रॅक्टर भरलेले होते. भरलेला ट्रॅक्टर रिकामा करायचा म्हणजे पुन्हा मजुरी, म्हणून लोक घेऊन आलेच. सकाळी रांग लागलेली. व्यापारी एकेका नगापाशी, म्हणजे भरलेल्या गाडीपाशी जातो, वरचे दोन कांदे उचलतो, पत्ती, म्हणजे वरची साल, चोळून बघतो, बोली पुकारली जाते. एरवी हे इतकं भरभर चालतं की नवख्याला भाव ऐकूही येत नाही. त्या दिवशी बोली पुकारल्यावर शांतता. आदल्या दिवशी ज्या कांद्याला क्विंटलला साडेतीन हजार म्हटलं असतं, त्याला कोणी अडीचच्या पुढे जाईना. माझा चुलतभाऊ पिकअपच्या टपावर बसून होता. तो एवढंच म्हणाला, "काल आलो असतो तर?" मग कुणीतरी लिलाव थांबवायची आरोळी दिली. चांदवडला लोक मुंबई-आग्रा महामार्गावर बसले. ११ तारखेला शरद पवारही तिथे आले होते.

खळ्यावर वेगळीच धावपळ. सीमाशुल्काच्या ताब्यात आधीच गेलेला माल सोडायची तरतूद आदेशात होती. म्हणजे दाराच्या आत गेलेला कंटेनर वाचला, बाहेर रांगेत उभा असलेला परत. आमचे दोन आत होते, तीन बाहेर. ते तीन परत आणून फोडले, प्रतवारी पुन्हा केली आणि निघेल त्या भावानं देशातल्या बाजारात लावले. भाड्याचं, मजुरीचं नुकसान कुठल्या खात्यात लिहायचं हे शेठना विचारलं, तर म्हणाले, "दिल्लीच्या."

लासलगावचा सरासरी भाव बंदीआधी चार हजारांच्या आसपास होता. काही आठवड्यांत तो दोन हजारांच्या खाली आला.

मग शेतकरी कांदा चाळीत का थांबवत नाही?

लाल कांदा थांबतच नाही, हे वर आलं. उन्हाळ थांबतो, पण फुकट नाही. चाळीत हवा खेळती असली, माल नीट सुकवून भरला असला, तरी ऑक्टोबरपर्यंत पाव ते एक तृतीयांश माल जातोच. वजन घटतं, कोंब येतात, दमट हवेत काजळी धरते. चाळ फोडायला घेतली की पहिला अंदाज नाकालाच येतो. गोड कुजका वास आला की घरातलं कोणी बोलत नाही, नुसती टोपली पुढे सरकते. चांगला एकीकडे, गोल्टी म्हणजे बारका एकीकडे, खाद म्हणजे सडका उकिरड्यावर.

म्हणजे मे महिन्यात बाराशेला न विकता जो कांदा भरला, तो सप्टेंबरात अठराशेला गेला तरच बरोबरी. हा जुगार लोक खेळतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या भावाच्या आशेवर. आणि सरकार हात घालतं तेही नेमकं सप्टेंबर-ऑक्टोबरात. चाळ बांधायला अनुदान द्यायचं, म्हणजे 'साठवा' म्हणायचं, आणि साठवलेल्याला भाव आला की दार लावायचं.

पण व्यापारी साठेबाजी करून भाव चढवतात, हे खरं ना?

काही जण करतात. मी खळ्यावर बसतो, खोटं कशाला बोलू? दोन-चार मोठे व्यापारी मिळून एखाद्या दिवशी बोली दाबतातही. बाजार समित्यांत नवे परवाने सहज मिळत नाहीत, हे जुनं दुखणं आहे. त्यावर धोरण हवं, आणि नेमकं तिथंच ते ढिलं पडतं.

साठा मर्यादेनं मात्र हा रोग बरा होत नाही. २३ ऑक्टोबर २०२० ला घाऊक व्यापाऱ्याला २५ टनांची मर्यादा घातली. निर्यातदाराच्या खळ्यावर प्रतवारी, सुकवणं, गोण्या भरणं चालतं, एक कंटेनरच २५-३० टनांचा. तेवढी मर्यादा म्हटल्यावर व्यापारी काय करतो? खरेदीच थांबवतो. लिलाव बंद पडतात आणि ट्रॅक्टर शेतकऱ्याचा अडकतो. नंतर प्रतवारी-पॅकिंगसाठी तीन दिवसांची सवलत मिळाली, ती दंगा झाल्यावर.

राखीव साठ्याची खरेदी तर शेतकऱ्याच्या फायद्याची असेल?

कल्पना चांगली आहे. किंमत स्थिरीकरण निधीतून उन्हाळ कांदा घ्यायचा आणि टंचाईत बाजारात सोडायचा. २०२३-२४ मध्ये तीन लाख टनांचं उद्दिष्ट वाढवून पाच लाख केलं. बंदीपेक्षा हे हत्यार शंभर पटींनी सभ्य आहे, हे माझं मत.

अडचण दोन ठिकाणी. एक, खरेदी बऱ्याचदा बाजार समितीच्या ओट्यावर न होता शेतकरी कंपन्या आणि संघांमार्फत होते. नेमका कुणाचा कांदा गेला यावरून दर वर्षी आरोप होतात, चौकशीच्या मागण्या होतात. दोन, माल कधी सोडणार याची तारीख आधी कळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्राहकांना २५ रुपये किलोनं विक्री सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून सोळाशे टन कांदा अख्ख्या रेल्वेनं दिल्लीला गेला. ग्राहकाला दिलासा म्हणून वाईट काहीच नाही. पण तो माल येणार ही नुसती हूल उठली तरी आमच्याकडे बोली शंभर-दोनशेनं उतरते.

काही असो, ग्राहकाला तर स्वस्त मिळतं ना?

थोडे दिवस, थोडंसं. डिसेंबर २०१९ मध्ये कांदा किलोला शंभरच्या वर गेला तेव्हा निर्यात बंद होऊन दोन महिने झाले होते. माल नव्हताच, तर बंदी काय करणार? मग तुर्कस्तान, इजिप्तहून आयात झाली. मोठाले कांदे, चवीला फिके. राज्यांनी नोंदवलेली मागणी मागे घेतली आणि बराच माल बंदरावर सडला.

दुसरं असं की ग्राहक जे देतो त्यातलं शेतकऱ्यापर्यंत पोचतं किती? रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये काढलेला अंदाज: कांद्यावर खर्च झालेल्या रुपयातले ३६ पैसे. बाकी ६४ पैसे वाहतूक, घट, अडत, किरकोळ विक्रेता यांत. शेतकऱ्याचा भाव निम्मा झाला म्हणून डोंबिवलीच्या गाडीवरचा भाव निम्मा होत नाही. मावशी दर आठवड्याला फोनवर विचारते, "तिकडे दहा रुपये म्हणतोस, मग आम्हाला तीस का?" तिला ३६ पैसे समजावून सांगितले, तरी पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न.

भाव पडतो तेव्हा सरकार तितक्याच तत्परतेनं येतं का?

माझी खरी तक्रार इथंच आहे. चढत्या भावाला रात्रीत अधिसूचना, पडत्या भावाला समिती.

फेब्रुवारी २०२३. लाल कांदा पाच-सहाशेवर. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या ५१२ किलोंचा खर्च वजा जाता दोन रुपयांचा चेक निघाला, तोही पुढच्या तारखेचा. आमचा २१ क्विंटलचा ट्रॅक्टर ६१० नं गेला. १२,८१० रुपये. त्यातून काढणीची मजुरी आणि भाडं गेल्यावर आई म्हणाली, "बियाण्याचं तरी निघालं का?" नव्हतं निघालं.

पुढे दिंडोरीहून मुंबईकडे मोर्चा निघाला, अधिवेशनात गदारोळ झाला, आणि राज्यानं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च दरम्यान विकलेल्या मालाला, एका शेतकऱ्याला दोनशे क्विंटलपर्यंत. मिळालं, नाही म्हणत नाही. पण सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरून करायची पिकाची, नोंद हवी होती, आणि ती अनेकांची नव्हती. पैसे हप्त्यांनी आले. हमीभाव तर कांद्याला नाहीच.

निर्यात पुन्हा खुली झाली की गेलेलं गिऱ्हाईक परत येतं ना?

सगळं येत नाही. २०१९ च्या बंदीनंतर आठवड्याभरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आचाऱ्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितलंय, असं त्यांनी हसत हसत ऐकवलं, आणि पुढच्या वेळी आधी कळवा, असंही. वर्ष नाही झालं, १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा न कळवता बंदी, आणि बांगलादेशच्या सीमेवर ट्रकच्या रांगा.

त्यांनी काय करावं? पाकिस्तान, चीन, इजिप्तकडून घ्यायला लागले, आणि घरचं पीक वाढवलं. आता त्यांचा हंगाम असला की आपल्या कांद्याचे आयात परवाने तेच रोखतात. २०२२-२३ मध्ये आपली निर्यात २५ लाख टनांच्या आसपास होती. २०२३-२४ मध्ये १७.१७ लाख. पुढच्या वर्षी १८ मार्चपर्यंत ११.६५ लाख. शुल्क शून्य झालं त्या एप्रिलमध्ये रब्बीचं पीक २२७ लाख टन अंदाजलं होतं, आदल्या वर्षापेक्षा १८ टक्के जास्त. निर्यात खुली, माल भरपूर, गिऱ्हाईक पातळ. २०२५ चा पावसाळा हजार ते पंधराशेतच गेला.

म्हणजे सरकारनं कशातच पडू नये, असं म्हणायचंय?

नाही. याच जिल्ह्यातली द्राक्षं बघा. तोच शेतकरी, तेच बंदर. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर अपेडानं, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेनं, बागांची नोंदणी, प्रयोगशाळेत तपासणी, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढायची सोय उभी केली. २०१० मध्ये पुन्हा एका रसायनावरून कंटेनर अडकले, तेव्हा नियम आणखी कडक झाले. कटकट आहे, कागद फार आहेत, पण नियम हंगामाआधी कळतात. द्राक्ष महागली म्हणून दिल्लीतलं सरकार पडत नाही, हाही भाग आहेच.

कांद्याच्या बाबतीत २०२० चा किस्सा सगळ्यात बोलका. जूनमध्ये अध्यादेश काढून कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या बंधनातून मोकळा केला. भाव दुप्पट झाला तरच हात घालू, असं लिहून दिलं. सप्टेंबरात निर्यातबंदी, ऑक्टोबरात साठा मर्यादा. पुढे ते तिन्ही कृषी कायदेच मागे घेतले गेले. कायदे चांगले की वाईट यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत. पण पाच महिनेही न टिकलेल्या शब्दावर कोण शीतगृह बांधायला पैसे घालेल?

हे कांद्यापुरतंच आहे का?

नाही हो. कांद्याच्या बंदीच्या आदल्याच दिवशी, ७ डिसेंबर २०२३ ला, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई झाली. कारखान्यांनी सरकारच्याच व्याज सवलतीवर कर्जं काढून आसवन्या, म्हणजे इथेनॉलचे प्रकल्प, उभारल्या होत्या, गाळप सुरू होतं. आठवड्यानं १७ लाख टन साखरेएवढी मोकळीक दिली. पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठले. आणि धोरण आपल्याच सरकारचं भोवतं असंही नाही. बांगलादेशनं संत्र्यांवरचं आयात शुल्क वाढवलं ते विदर्भातल्या बागायतदाराला विचारा.

मतदानात हे दिसतं का?

दिंडोरीत २०२४ ला केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, भास्कर भगरे निवडून आले. बंदी मतदानाच्या सोळा दिवस आधी उठली होती. कांदा नडला, हे महायुतीच्या नेत्यांनीच नंतर कबूल केलं.

मी लहान शेतकरी आहे. अंदाज बांधायला काय बघू?

माझी पद्धत सांगतो, शास्त्र नाही. दिल्लीचा किरकोळ भाव बघा, लासलगावचा नव्हे. सरकार तिथल्या आकड्यावर हलतं. तो महिनाभरात दीडपट झाला आणि पुढच्या तीन महिन्यांत कुठल्याही मोठ्या राज्यात निवडणूक असेल, तर चाळीतला निम्मा माल काढा. मंत्री 'निर्यातीवर बंधनं आणण्याचा विचार नाही' असं म्हणाले की उरलेल्यातला निम्मा. राहिलेला ठेवा, कारण कधीकधी काहीच होत नाही आणि भाव खरोखर चढतो.

आणि शनिवारी गाडी भरू नका. सोमवारी सकाळी मोबाइल बघून मग भरा.